साताऱ्याची प्रत सांगलीला वेळेवर कशी पोचेल?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांनी सकाळच्या चहाबरोबर रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या ऐकल्या असतील. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याच्या स्टुडिओत वाचलेल्या या बातम्या त्याच क्षणी सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा निरनिराळ्या केंद्रांवरून अनेक वर्षे ऐकू येत. एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्याने त्याच वेळी प्रक्षेपित करणे, याला ‘सहक्षेपण’ म्हणतात.

परंतु प्रत्येक कार्यक्रमाचे सहक्षेपण करणे सोयीचे नसते. साताऱ्यात ध्वनिमुद्रित केलेले उसाच्या लागवडीवरचे भाषण सांगलीला आज संध्याकाळी नको, उद्या सकाळी हवे असेल, तर त्या भाषणाची प्रत आधीच सांगलीत जाऊन पडली पाहिजे. ती कोणी न्यायची, केव्हा न्यायची आणि ती नीट पोचली हे कसे ओळखायचे? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या पोटात गणित आणि भौतिकशास्त्र किती दडले आहे, ते आज पाहू.

लहरी का पोचत नाहीत?

‘सातारा केंद्र सांगलीतच का ऐकू नये?’ असे तुम्ही विचाराल. सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले ते मध्यम लहरींवर. अनेक वर्षे श्रोते आपल्या रेडिओचा काटा १२५१ किलोहर्ट्झवर आणून ते ऐकत. या लहरींची लांबी सुमारे २४० मीटर असते, आणि त्या जमिनीला धरून दूरवर जातात. सातारा हे एफएम केंद्र आहे. एफएमच्या लहरी सुमारे ३ मीटर लांबीच्या असतात. त्या जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजापलीकडे फारशा पोचत नाहीत.

हे क्षितिज किती दूर असते? मनोऱ्याच्या आणि ग्राहकाच्या एरिअलच्या उंचीची मीटरमध्ये वर्गमुळे काढा, त्यांची बेरीज करा आणि तिला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. मनोरा १०० मीटर उंच आणि घरावरचे एरिअल ९ मीटर उंच धरले, तर ४.१२ × (१० + ३) म्हणजे सुमारे ५४ किलोमीटर. सातारा आणि सांगली यांमधले अंतर सरळ रेषेतही सुमारे ११० किलोमीटर आहे, आणि मध्ये डोंगररांगा आहेत त्या वेगळ्याच. म्हणून साताऱ्याचा कार्यक्रम सांगलीच्या श्रोत्याला हवा असेल, तर तो अन्य मार्गाने सांगलीच्या केंद्रात न्यावा लागतो.

फितीपासून आकड्यांपर्यंत

पूर्वी हे काम ध्वनिफितीवर चाले. स्टुडिओतील यंत्रावर फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने सरकत असे. या हिशेबाने एका तासाच्या कार्यक्रमाला ६८४ मीटर फीत लागे. ती डब्यात घालून टपालाने किंवा माणसाबरोबर पाठवावी लागे. शिवाय एका फितीवरून दुसरी फीत उतरवताना मूळ फितीची खरखर आणि नव्या फितीची खरखर एकत्र येई. दोन्ही सारख्या असतील तर खरखरीची शक्ती दुप्पट होई. प्रतीची प्रत, तिची प्रत असे करत गेले, की आवाज हळूहळू मळत जाई. १९८३ साली इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेल्यावर उपग्रहामार्फत केंद्रे जोडण्याची सोय झाली. त्यामुळे सहक्षेपण सुधारले, पण साठवून ठेवायच्या प्रतीचा प्रश्न उरलाच.

आज फितीची जागा संगणकाने घेतली आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. तो पकडण्यासाठी ध्वनीची उंची सेकंदातून ४८,००० वेळा मोजतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात. डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या, तर

४८,००० × १६ × २ = १५,३६,००० बिट

दर सेकंदाला तयार होतात. तासाभराचे झाले सुमारे ५५३ कोटी बिट, म्हणजे ६९१ मेगाबाइट. कानाला न जाणवणारा तपशील गाळून हाच कार्यक्रम सेकंदाला २,५६,००० बिटांत बसवला, तर तासाला ११५ मेगाबाइट पुरतात.

आकड्यांचा मोठा गुण असा, की त्यांची प्रत मळत नाही. शून्याची प्रत शून्यच आणि एकाची एकच. शंभरावी प्रतही पहिल्यासारखीच असते. मात्र ती पूर्ण आणि बिनचूक उतरली असेल तरच!

नेण्यास वेळ किती?

समजा, साताऱ्याच्या आणि सांगलीच्या केंद्रात कार्यक्रम वाजवणारा एकेक संगणक आहे आणि त्यांना जोडणारा मार्ग सेकंदाला २० लाख बिट नेतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तार वळणावळणाने १५० किलोमीटर झाली, तरी पहिला बिट एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत सांगलीत हजर होतो. अडचण पहिल्या बिटाची नाही; त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या कोट्यवधी बिटांची आहे. अरुंद दरवाजातून जत्रा बाहेर पडण्यासारखे हे आहे.

५५३ कोटींना २० लाखांनी भागा. उत्तर येते सुमारे २,७६५ सेकंद, म्हणजे ४६ मिनिटे. गाळून लहान केलेल्या कार्यक्रमाला ७ मिनिटे ४१ सेकंद लागतात. आज याहून कितीतरी वेगवान मार्ग मिळतात हे खरे. परंतु मार्ग रुंद झाला तरी पुढचा विचार बदलत नाही.

आता केंद्राच्या संग्रहात ५०० तासांचे कार्यक्रम आहेत असे धरू. हे झाले ५७.६ गिगाबाइट. रोज रात्री सगळा संग्रह नव्याने नेऊ म्हटले, तर एका फेरीला ६४ तास लागतील. रोजची रात्र अडीच दिवसांहून मोठी कशी करणार? उपाय सरळ आहे: जे नवे आहे किंवा बदलले आहे तेवढेच न्यावे. दिवसाकाठी ६ तासांचे नवे कार्यक्रम असतील, तर त्यांना सुमारे ४६ मिनिटे पुरतात.

बदलले काय, हे कसे कळणार?

दोन्हीकडचे कार्यक्रम शेजारी ठेवून पडताळायचे, तर ते आधी एका ठिकाणी आणावे लागतील, आणि मग वाचवले काय? यावर गणितज्ञांनी नामी युक्ती काढली आहे. प्रत्येक कार्यक्रमाच्या सर्व बिटांवर ठरावीक आकडेमोड करून एक छोटी संख्या काढायची. माणसाच्या बोटाच्या ठशासारखाच हा त्या कार्यक्रमाचा ठसा. साताऱ्याने आपल्या ठशांची यादी पाठवायची. सांगलीने ती आपल्या यादीशी ताडून पाहायची आणि जुळत नाही तेवढेच मागवायचे.

ही युक्ती तुम्ही वर्गात करून पाहू शकता. ४ ७ १ ९ ३ हे अंक घ्या. बेरीज २४. हे अंक तुमच्या मित्राच्या कानात सांगा. त्याने चुकून ४ १ ७ ९ ३ असे लिहिले, तरी बेरीज २४ च येईल आणि चूक लपून राहील. आता प्रत्येक अंकाला त्याच्या क्रमांकाने गुणून बेरीज करा. पहिल्या मांडणीत ४ + १४ + ३ + ३६ + १५ = ७२; दुसरीत ४ + २ + २१ + ३६ + १५ = ७८. ११ ने भागल्यावर बाकी अनुक्रमे ६ आणि १ उरते. चूक पकडली गेली!

प्रत्यक्षात याहून कितीतरी पक्के ठसे वापरतात. एका प्रचलित पद्धतीत ठसा २५६ बिटांचा, म्हणजे ३२ बाइटांचा असतो. असे निरनिराळे ठसे किती संभवतात? ती संख्या ७८ आकडी आहे. दोन वेगळ्या कार्यक्रमांचे ठसे योगायोगाने एक होण्याची भीती व्यवहारात धरण्याचे कारण नाही. आपल्या संग्रहात २,००० कार्यक्रम असतील, तर सर्व ठशांची यादी ६४,००० बाइटांची होईल. ती साताऱ्याहून सांगलीला जाण्यास पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागेल. चौसष्ट तासांचे काम कोठे आणि पाव सेकंद कोठे!

एखाद्या मोठ्या ध्वनिमुद्रणातला थोडासाच भाग बदलला असेल, तर तेवढाच तुकडा शोधून नेण्याची रीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली पुढे आणली. तिच्या मुळाशीही हे तुकड्यातुकड्यांचे ठसेच आहेत.

वेळापत्रकाचा उलटा हिशेब

आता मुख्य प्रश्न: प्रत केव्हा न्यायची? सकाळी परगावी परीक्षेला जायचे असेल तर तुम्ही काय करता? परीक्षेच्या वेळेपासून मागे मोजत येता. बसचा प्रवास, बस चुकली तर दुसरीची वाट, घरापासून स्थानकापर्यंतचे चालणे हे सर्व वजा करून घर सोडण्याची वेळ ठरवता. प्रतीचेही तसेच आहे.

एका तासाचा कार्यक्रम सांगलीला सकाळी ७.३० ला लागायचा आहे. नेण्यास ८ मिनिटे, ठसा ताडून पाहण्यास २ मिनिटे. एक खेप फसली तर दुसरीसाठी आणखी १० मिनिटे. दोन्ही फसल्या, तर ड्यूटीवरच्या माणसाला कळून त्याला दुसरा कार्यक्रम काढता यावा म्हणून अर्धा तास. एकूण ५० मिनिटे. म्हणजे ६.४० ही शेवटची गाडी. त्यानंतर प्रयत्न सुरू करणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय.

नेहमीचे कार्यक्रम मात्र रात्री न्यावेत. रात्री ११.३० ते पहाटे ५ या साडेपाच तासांत आपल्या मार्गावरून लहान केलेले सुमारे ४३ तासांचे कार्यक्रम जाऊ शकतात. दिवसा याच मार्गावर केंद्राची इतर कामे चालू असतात, त्यांची अडवणूक होत नाही.

‘दर पाच मिनिटांनी आपोआप प्रत न्या,’ असा हुकूम संगणकाला देऊन टाकला तर? वरवर ही सोय दिसते. पण एखाद्या दिवशी मोठा कार्यक्रम आला आणि एका खेपेला आठ मिनिटे लागली, तर पहिली खेप संपण्याआधीच दुसरी निघेल. दोन्ही त्याच मार्गावर धावल्याने दोन्ही मंदावतील. तेवढ्यात तिसरी निघेल. शेवटी एकही वेळेवर पोचणार नाही.

यावरचा उपाय आपल्या रेल्वेने फार पूर्वीच शोधला होता. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून जाणारा पुणे–मिरज लोहमार्ग अनेक वर्षे एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हाती टोकन देण्याची पद्धत असे. टोकन हाती असल्याशिवाय त्या टप्प्यात गाडी घालायची नाही, आणि टप्प्याला टोकन एकच. संगणकही असेच करतो. चालू खेपेच्या हाती एक खूण देतो. ती परत आल्याशिवाय पुढची खेप सोडत नाही.

घड्याळ कोणाचे खरे?

वेळापत्रक पाळायचे तर दोन्हीकडची घड्याळे सारखी हवीत. संगणकातील घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. त्यात दहा लाखांत २० एवढीच चूक धरली, तरी दिवसाचे १.७ सेकंद आणि महिन्याचे सुमारे ५२ सेकंद होतात. म्हणून संगणक वारंवार प्रमाण वेळेशी आपले घड्याळ जुळवून घेतात. भारताची प्रमाण वेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अणुघड्याळांच्या साहाय्याने राखली जाते.

घड्याळ चुकल्याने केवळ उशीर होतो असे नाही. सांगलीचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे असे समजा. तेथे १०.०० वाजता ठेवलेल्या प्रतीवर १०.०५ अशी वेळ पडेल. साताऱ्यात १०.०३ ला केलेली दुरुस्ती त्यामानाने ‘जुनी’ ठरेल आणि संगणक ती नाकारेल. म्हणून नवे-जुने ठरवताना घड्याळावर विसंबू नये. प्रत्येक दुरुस्तीला १, २, ३ असा क्रमांक द्यावा, आणि एका कार्यक्रमाची दुरुस्ती एकाच केंद्रात करावी. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून वाई, कऱ्हाडवरून सांगलीकडे येते, उलट वाहत नाही. त्याप्रमाणे साताऱ्याच्या कार्यक्रमातले बदलही साताऱ्याकडून सांगलीकडेच वाहावेत.

जेथे चूक परवडत नाही

कृष्णेचे नाव निघालेच आहे, तर या विषयाची खरी कसोटी कोठे लागते तेही पाहू. कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे. तेथून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला येते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी तेथे ५७ फुटांवर गेले होते. धरणाचे दरवाजे उघडल्यापासून पाणी सांगलीला पोचेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढाच नदीकाठच्या माणसांच्या हाती असतो. अशा वेळी वीज जाते, रस्ते बंद होतात, आणि सेलवर चालणारा रेडिओ उपयोगी पडतो.

साताऱ्यात तयार झालेली सूचना सांगलीला न्यायची आहे, असे समजा. रात्रीची वाट पाहून चालणार नाही. रांगेतल्या गाण्यांना बाजूला सारून ती आधी गेली पाहिजे. एक मिनिटाची सूचना आपल्या मार्गावरून आठ सेकंदांच्या आत जाते. त्या आठ सेकंदांसाठी चालू खेप थांबवण्यात कोणाचे काय बिघडते?

पण त्याहून मोठे संकट अर्धवट प्रतीचे आहे. आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘लोकांनी घरी परतण्यास हरकत नाही, असे प्रशासनाने अद्याप सांगितलेले नाही.’ ही सूचना जात असताना मार्ग तुटला आणि ‘लोकांनी घरी परतण्यास हरकत नाही’ एवढाच भाग पोचून वाजला, तर काय अनर्थ होईल! म्हणून येणारी प्रत आधी तात्पुरत्या नावाने बाजूला ठेवतात. ती पूर्ण आली आणि ठसा जुळला, तरच तिला खरे नाव देऊन वाजवण्याच्या यादीत घेतात. तोपर्यंत वाजवणाऱ्या संगणकाला ती दिसतही नाही.

तिसरे संकट शिळ्या प्रतीचे. दुपारी दोनची सूचना पोचली. नंतर मार्ग तुटला. चारची सुधारलेली सूचना आलीच नाही. सांगलीचा संगणक आपल्या जवळची दोनचीच सूचना रात्रभर वाजवत राहील. त्याच्या दृष्टीने सर्व काही ठीकच असते, कारण ठसा जुळलेला असतो. यासाठी प्रत्येक सूचनेवर औषधाच्या बाटलीप्रमाणे ‘अमुक वेळेनंतर वापरू नये’ असे लिहिलेले असावे. ती वेळ उलटली, की संगणकाने सूचना वाजवणे थांबवावे आणि निवेदकाला सावध करावे. मग निवेदकाने दूरध्वनी करून स्वतः खात्री करून घ्यावी.

आरसा आणि तिजोरी

एक गैरसमज मात्र टाळायला हवा. दोन ठिकाणी प्रती आहेत म्हणजे संग्रह सुरक्षित आहे, असे अनेकांना वाटते. पण आपोआप होणारी नक्कल आरशासारखी असते. साताऱ्यात चुकून एखादे दुर्मिळ ध्वनिमुद्रण पुसले गेले, तर पुढच्या खेपेत सांगलीचेही निमूटपणे पुसले जाईल! म्हणून मौल्यवान ध्वनिमुद्रणांची आणखी एक प्रत या सर्व व्यवस्थेपासून तोडून, तिजोरीत ठेवल्यासारखी निराळी ठेवावी लागते.

करून पाहा

वर्गाचे दोन गट करा. एक सातारा, दुसरा सांगली. सातारा गटाने वीस अंकी पाच संख्या लिहाव्यात आणि प्रत्येकीचा ठसा वर सांगितलेल्या रीतीने काढावा. एका मुलाने निरोप्या होऊन त्या एकेक करून, तोंडीच सांगली गटाला सांगाव्यात. सांगलीने आपला ठसा काढून साताऱ्याशी ताडावा आणि जुळला नाही तर संख्या पुन्हा मागवावी. सर्व संख्या बिनचूक जाण्यास किती वेळ लागला आणि किती खेपा फुकट गेल्या, याची नोंद ठेवा. नंतर एक संख्या ‘तातडीची’ ठरवून मध्येच घुसवा आणि काय गोंधळ होतो ते पाहा.

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी. ११ ने भागून उरलेली बाकी ० ते १० यांपैकीच काहीतरी असणार. म्हणजे चुकीच्या संख्येचा ठसाही केव्हातरी योगायोगाने जुळेल. असे साधारण किती वेळा घडेल? ११ ऐवजी ९७ ने भागले तर? उत्तर काढा आणि तुमच्या शिक्षकांशी चर्चा करा.